ओढ्याच्या अलीकडचा दर

ओढा ओलांडण्याचा खर्च, सन १९९४: ट्रकच्या चार फेऱ्या, ३,२०० पेसो. जुन्या भट्टीच्या विटा सोडवून नव्या जागी रचणे, १८,५००. कणीक मळायच्या यंत्राचा नवा पाया आणि वीजजोडणी, ८,८५०. परवाने, तसेच परवाने मिळावेत म्हणून लागणारे आणि ज्यांची पावती मिळत नाही असे पैसे, ६,७००. नऊ माणसांना जुनी बेकरी बंद झाल्याची कायदेशीर भरपाई, २४,०००. पाटीवर ‘न्यू’ हा एक शब्द वाढवणे, १५०. एकूण ६१,४००.

ओढ्याच्या त्या बाजूला मनिलाचा किमान वेतनदर, या बाजूला लागुनाचा, त्याहून कमी. मध्ये पायपूल, सदतीस पावलांचा. माणशी रोजचा फरक वीस पेसो, माणसे नऊ, वर्षाचे कामाचे दिवस तीनशे. चौदाव्या महिन्यात सगळा खर्च फिटला. एक रक्कम मात्र मी त्या वहीत लिहिली नाही, कारण तिचा आकडा मला येईना. माझा भट्टीवाला आंबो मला ‘कुया’ म्हणायचा, थोरल्या भावाला म्हणतात तसे. भट्टी ओढ्याच्या अलीकडे पेटली त्या दिवसापासून तो मला ‘बॉस’ म्हणू लागला.

तर मी, तेओदुल्फो मागबानुआ, वय ७७, धंदा बेकरी, जन्म अंतिके प्रांती, सध्या राहणार सान पेद्रो, जिल्हा लागुना, न्यू पुरिंग बेकरीच्या वरचा मजला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. शुद्धीबद्दल कोणाला शंका असेल तर त्याने मला आजचा मैद्याच्या पोत्याचा भाव विचारावा. दडपणाबद्दल म्हणाल, तर दडपण आणायला घरात दुसरे माणूस लागते. माझी पत्नी पुरिफिकासिओन ऊर्फ पुरिंग सन २०१९ मध्ये वारली. आम्हांला मूलबाळ नाही. वकील बेनितेस बाई म्हणतात की अशा स्थितीत कायद्याने कोणाचाही हक्काचा वाटा निघत नाही, सगळे माझ्या मर्जीवर. एवढी मर्जी मला जन्मात कोणी दिली नव्हती.

बाईंनी असेही सांगितले की तीन साक्षीदार लागतील. मी हसलो. चोपन्न वर्षे या गावाच्या न्याहारीला माझा पाव आहे. सान पेद्रोत असे दार नाही की जे मांग दोल्फोसाठी, म्हणजे दोल्फोकाकांसाठी, उघडणार नाही. खिडकीतून हाक मारली तर तीनाला तीस धावत येतील आणि त्यांतले दहा पेन घरून आणतील.

कलम १. देह. मला पुरिंगच्या शेजारी ठेवावे, जागेचे पैसे भरलेले आहेत. मयताशेजारचे जागरण तीन दिवसांचे, नऊ नको. जागरणाला कॉफी आणि बिस्किटे आपल्याच बेकरीची. विकत आणून माझी बेअब्रू करू नये. पत्ते खेळू द्यावेत. डावातून मयताच्या घरचा जो वाटा निघतो, तो घ्यायला माझ्या घरी कोणी नाही, म्हणून तो गल्ल्यावरच्या कारमेलाने गोळा करावा. दुकान एकच दिवस बंद ठेवावे, आणि त्या बंद दिवसाचाही सगळ्यांना रोज द्यावा. हे शेवटचे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे.

कलम २. हत्यारे. कणीक कापायची पाती आणि लांब दांड्याचे लाकडी फावडे आंबोचे. ती तशीही त्याचीच आहेत, मी फक्त विकत आणली होती. पितळी तराजू बाजारपेठेतल्या तिबुर्सिओला द्यावा. तो माझा जुना स्पर्धक. आम्ही बेकरी हलवत होतो तेव्हा तो पुलावर उभा राहून म्हणाला होता, “काय रे दोल्फो, गटार ओलांडायला एवढा मोठा ट्रक?” तीस वर्षे मी त्याला उत्तर शोधतोय. तराजू घे बाबा. या तराजूवर आपला साधा पाव पस्तीस ग्रॅमवरून बावीसवर आला. दर वर्षी वेतन वाढल्याची बातमी आली की मी गिऱ्हाइकाला म्हणायचो, “काय करणार, कामगारांचे दर वाढले,” आणि कामगारांना म्हणायचो, “काय करणार, पाव लहान झाला.” तुझाही तराजू असेच म्हणत असणार. दोघांना शेजारी ठेव, एकमेकांशी बोलतील.

कलम ३. पाब्लितो. माझ्याकडे पाब्लितो ओर्देन्सा नावाचा मनुष्य कामाला आहे, वय ३४, दोन मुलांचा बाप. कायद्याने शिकाऊ माणसाला पाऊण पगार देता येतो, तोही सहा महिन्यांपुरता. पाब्लितो माझ्याकडे नऊ वर्षे शिकत होता. दर सहा महिन्यांनी मी त्याला एक नवीन पाव शिकवला आणि नवीन कागद केला. एकदा त्याने विचारले होते, “मांग दोल्फो, जगात पाव किती प्रकारचे असतात हो?” मी म्हटले, “पुष्कळ.” तो म्हणाला, “मग मी म्हातारा झाल्यावरच शिकून होईन.” मी त्यावर सगळ्यांना हसवले. आता मी याद्वारे जाहीर करतो की पाब्लितो काम शिकलेला आहे. या जाहीरनाम्यासोबत त्या नऊ वर्षांचा उरलेला पाव हिस्सा त्याला माझ्या बचतीतून द्यावा, वकील बाईंकडे आकडा आहे.

कलम ४. आंबो. याच्यासाठी कागद जास्त लागेल.

आम्ब्रोसिओ एस्कोता, माझ्याच प्रांताचा, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. १९७९ साली बोटीतून उतरून थेट माझ्या दारात आला, हातात पिशवी आणि एक कोंबडा. कोंबडा भेट म्हणून आणलेला. पुरिंगने तो पाळला, कापला नाही. आंबो भट्टीवरच्या माळ्यावर झोपू लागला आणि पुढची बेचाळीस वर्षे तिथेच झोपला. बायको दोमिंगा आणि चार मुले अंतिकेत, सासऱ्याच्या घरी. बेचाळीस वर्षांत त्याने त्यांच्यासोबत चौदा नाताळ काढले. मला आकडा ठाऊक आहे, कारण रजा मी द्यायचो. नाताळात बेकरीला दम नसतो.

ओढा ओलांडायची युक्ती माझी. नव्यानेच भागाभागाचे दर वेगळे झाले होते आणि मी बोटाने नकाशावर रेघ शोधली. बेकरी नुसती हलवली असती तर माणसांचा पगार कमी करता आला नसता. म्हणून जुनी बंद केली, नवी उघडली. तेच लोक, तीच भट्टी, त्याच विटा, फक्त ‘न्यू’. पुरिंग म्हणाली, “पाटीवर नाव माझं आहे, दोल्फो. शिव्या मलाच बसणार.” मी म्हटले, “शिव्यांना भाडं पडत नाही.” सगळ्या नऊजणांनी नव्या कागदावर सह्या केल्या. आंबो शेवटचा. त्याने विचारले, “पूल ओलांडला की तांदूळही स्वस्त होतो का?” मी सांगितले, तांदळाचे माझ्या हातात नाही. त्याने सही केली आणि विटा उचलू लागला.

आता ती सुनावणीची गोष्ट. पुरिंग असती तर ती म्हणाली असती की लिही, म्हणून लिहितो.

सन २०११. आमच्या विभागाच्या वेतन मंडळाची जाहीर सुनावणी होती, एका हॉटेलच्या गार हवेच्या दालनात. दर वाढवावा की नाही यावर सरकारचे, मालकांचे आणि कामगारांचे लोक बोलतात. छोट्या मालकांच्या वतीने मी. मधल्या चहापानाचे दोनशे गोड पाव पुरवायचे कामही मीच मिळवले होते. एका फेरीत दोन कामे. आंबो धुतलेला सदरा घालून परात घेऊन भिंतीशी उभा.

मी उठलो आणि म्हणालो, “मी मनिलाच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा खिशात अकरा पेसो होते. कोणी दर ठरवून दिला नव्हता. या दरात माणूस जगतो, आणि हुशार असेल तर वरही येतो.” टाळ्या पडल्या. मग सुताच्या कारखान्यातली एक बाई उठली. म्हणाली, “मांग दोल्फो, भाषण छान. पण एवढंच सांगा, या दरावर तुम्ही शेवटचं जेवलात ते कोणत्या साली?”

दालन हसले. मलाही हसण्याची सवय आहे, पण लोक माझ्यासोबत हसतात तेव्हाची. मी म्हणालो, “माझं कशाला? माझा माणूस इथंच उभा आहे. विचारा त्याला.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिले. “काय हो, भागतं का?”

“भागतं, साहेब,” आंबो म्हणाला.

मी हात पसरून दालनाकडे पाहिले. तेवढ्यात तो पुढे बोलला, तेही अगदी हळू, पण माझे कान तीक्ष्ण आहेत.

“मी भट्टीवर झोपतो, म्हणून भागतं. बायको-पोरं सासऱ्याच्या छपराखाली झोपतात, म्हणून भागतं. सगळे एका खोलीत आलो की भागायचं थांबतं. म्हणून येत नाही.” मग त्याने परात पुढे केली. “साहेब, साखरेचा देऊ की लोण्याचा?”

परतीच्या जीपमध्ये रिकाम्या पराती आमच्या मांडीवर होत्या. मी म्हटले, “बरा बोललास.”

“तुम्ही विचारायला सांगितलंत, बॉस.”

त्यानंतर आम्ही दहा वर्षे एकत्र काम केले आणि पिठापलीकडे काही बोललो नाही. २०२१ साली तो निवृत्त होऊन गावी गेला. निवृत्तिवेतन पगाराच्या प्रमाणात असते. ओढ्याच्या अलीकडच्या पगाराचे निवृत्तिवेतनही ओढ्याच्या अलीकडचेच असते, हे मला तेव्हा कळले. मी ते फॉर्मवर वाचले, सही केली, शिक्का मारला.

म्हणून: १९९४ ते २०२१, सत्तावीस वर्षे, सरासरी चाळीस पेसो रोजचा फरक, एकूण तीन लाख चोवीस हजार पेसो आंबोला रोख द्यावेत. बेनितेस बाई म्हणाल्या, “मांग दोल्फो, कायद्याने तुम्ही त्याचं काहीच देणं लागत नाही.” मी म्हटले, “म्हणून तर मृत्युपत्रात लिहितोय. लागलो असतो तर बिल म्हणून चुकवलं असतं.”

कलम ५. बेकरी, जागा आणि वरचा मजला. ही सर्व मिळकत सध्याच्या दहा कामगारांना आणि आंबोला सामाईक मिळावी, नावे सोबतच्या यादीत आहेत. अट एकच. कामावरच्या प्रत्येकाचा रोज ओढ्याच्या पलीकडच्या दराने काढावा. आज अलीकडे पाचशे साठ आहे, पलीकडे सहाशे पंचेचाळीस. दहा माणसे, तीनशे दिवस, वर्षाचा फरक दोन लाख पंचावन्न हजार. पहिल्या वर्षापुरता तो माझ्या बँकेतल्या शिलकीतून निघेल. दुसऱ्या वर्षाचा तुम्ही काढायचा. कसा, ते मला विचारू नका. मी आयुष्यभर उलटी बेरीज केली. सहाशे पंचेचाळीसमध्येही पाच माणसांचे घर चालत नाही, हे मला माहीत आहे. तो दर ज्यांनी ठरवला त्यांचाही कोणी आंबो भिंतीशी परात घेऊन उभा असेल. पण दोघांपैकी जो जास्त आहे तो द्या, मग पुढचे बोला.

वरच्या मजल्यावर कोणाला राहायचे असेल त्याने सहकुटुंब राहावे. एकटे राहू नये. जागा एकट्याला फार मोठी आहे. मी मोजली आहे: भाताच्या कुकरपासून पलंगापर्यंत अकरा पावले, पलंगापासून खिडकीपर्यंत सहा. कुकर दोन माणसांचा आहे, त्याहून लहान बनत नाही. रात्रीचा उरलेला भात मी सकाळी लसूण घालून परततो, सकाळचा उरलेला रात्री. असा एकच भात मी कधीकधी तीन दिवस जेवतो.

कलम ६. कारमेला. गल्ल्यावर बसणाऱ्या कारमेला विलयापांदो हिला वीस हजार पेसो. कारण असे. माझ्या वरच्या मजल्याच्या जमिनीला फटी आहेत आणि कान मला देवाने बरे दिले. कणीक फळीवर आपटल्याचा आवाज ऐकून मी वरून सांगू शकतो की पाणी जास्त झालेय. तसेच बोलणेही येते. मागच्या वर्षी एका सकाळी पाब्लितो खाली म्हणत होता, “म्हातारा अजून उतरला नाही.”

“उतरेल,” कारमेला म्हणाली. “बोलायला दुसरं कोण आहे त्याला?”

“आज तुझी पाळी. काल मी अकरा पेसोंची बोट ऐकली.”

“मी तर धक्क्यापर्यंत पाठ केलीय. मांग दोल्फोचं ऐकायचा वेगळा भत्ता पाहिजे बाबा. वेतन मंडळाला अर्ज करू या.”

दोघे खूप हसले. मीही वर हसलो, तोंडावर उशी धरून, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग मी मुद्दाम अर्धा तास उशिरा उतरलो. कारमेलाने नेहमीसारखे विचारले, “जेवलात का, मांग दोल्फो?” मी नेहमीसारखे सांगितले, “जेवलो.” वीस हजार हा त्या भत्त्याचा थकलेला हप्ता समजावा. बोटीची गोष्ट मी त्या दिवसापासून बंद केली आहे. इथे लिहिली ती शेवटची.

कलम ७. हे मृत्युपत्र दोन आठवडे तयार असून मी सही का केली नाही, असे बाई विचारतात. त्याचे कारण नोंदवून ठेवतो.

महिन्यापूर्वी मी आंबोला फोन केला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. मी सांगितले की बेकरी तुम्हा सर्वांच्या नावे करतोय, तू परत ये, भट्टीपाशी खुर्ची टाकून बस, हातही लावू नकोस, फक्त मुलांना आच कशी ओळखायची ते सांग.

तो म्हणाला, “दर कुठला, बॉस?”

“पलीकडचा.”

“पलीकडचा म्हणजे मनिलाचा?”

“तोच.”

मग म्हणाला, “गुडघे आता कुठल्याच दराचे राहिले नाहीत.”

“खुर्ची देतोय ना.”

“दोमिंगा शेजारी बसून ऐकतेय. ती म्हणते, बेचाळीस वर्षांनी नवरा घरी मिळाला, तोही परत मागतात का?”

मी म्हटले, “तिलाही आण. वरचा मजला रिकामाच आहे.” हे म्हणताना माझा आवाज मला ओळखू आला नाही. मी मालक म्हणून फोन केला होता, असे मला तोवर वाटत होते.

“विचार करतो,” आंबो म्हणाला. “आलो तर पुढच्या शुक्रवारच्या बोटीनं.”

त्या शुक्रवारी मी दुसऱ्या खोलीतली पोती हलवली, गादीला ऊन दाखवले, दोन चादरी आणल्या. शनिवारी बससाठी महामार्गावर गेलो. बाहेरगावच्या बस पहाटेपासून येतात. मी अकरा बस पाहिल्या. पुढच्या शनिवारीही गेलो, नऊ पाहिल्या. बसचे वाहक आता मला हात करतात. आंबोचा निरोप काल आला, मुलाच्या फोनवरून, लिहिलेला: “बॉस, इथं बरं आहे. नातू पाव मागतो, त्याला करून देतो. आच ओळखायला पाब्लितोला येतं, मी शिकवलंय. तब्येत सांभाळा.”

तर पाब्लितोला आच ओळखता येते. हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितले नव्हते. म्हणून यादीत बदल: भट्टीचा प्रमुख पाब्लितो. आंबोचा वाटा, रक्कम आणि हत्यारे कायम. ती अंतिकेला पाठवावीत, वाहतूक खर्च मिळकतीतून. नातवासाठी दहा किलो मैदाही पाठवावा. दोन चादरी ज्याला हव्या त्याने घ्याव्यात, वापरलेल्या नाहीत.

कलम ८. अंमलबजावणी. हे सर्व पार पाडण्याचे काम वकील बेनितेस बाईंकडे. त्यांची फी ठरली आहे. त्यांनी घासाघीस केली नाही, यावरून त्या या गावच्या नसाव्यात.

सह्यांबाबत बाईंनी आज एक नियम समजावला: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणजे बेकरीतले दहाही बाद, कारमेलासकट. तराजूमुळे तिबुर्सिओही बाद. बाईंनी विचारले, “मग आणखी कोण आहे तुमचं?” मी नावे आठवू लागलो. त्यांनी पेनाला टोपण घातले, थोडी वाट पाहिली, आणि उठून शेजारच्या दुकानात गेल्या. जे तिघे आले त्यांचा अर्धा दिवस मोडला, म्हणून प्रत्येकाला पूर्ण दिवसाचा रोज दिला आहे, पलीकडच्या दराने.

स्थळ: सान पेद्रो, लागुना.
दिनांक: १८ मार्च २०२५.

सही: तेओदुल्फो मागबानुआ

साक्षीदार:
१. रोवेना काबिग्तिंग, झेरॉक्सच्या दुकानात नोकरी.
२. एल्मर तुंगपालान, तीनचाकी सायकल-रिक्षा चालक.
३. जोसेलिन अबेयेरा, वकिलांच्या कचेरीत टंकलेखनाला, कालपासून रुजू.

आम्ही वरील तिघांनी मृत्युपत्रकर्त्यास आमच्यासमोर सही करताना पाहिले आहे. आम्ही त्यांना आज सकाळी साडेनऊपासून ओळखतो.